शेतीचे ज्ञान आणि त्याचा देशोदेशीचा प्रवास

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



 माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन मी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत पस्तीसएक वर्षे मुले शिकविली. तेव्हा आजचा विषय विद्वानाच्या अधिकाराने मांडण्याची माझी योग्यता नाही. तथापि शेतीचे ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे आणि एका देशातून दुसऱ्या देशात कसे जाते, व कधी कधी ते वाटेतच कसे अडकून पडते, याविषयी गेली काही वर्षे मी वाचीत आलो आहे. या अडकण्यात माझाही एक दोष आहे. तो आज आपल्यासमोर सांगितल्यावाचून मला हे व्यासपीठ सोडता येणार नाही.

आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबांची गावी थोडीबहुत भातजमीन आहे. मुंबई-पुण्याकडील सभासद मे महिन्यात गावी जातात, घराची कौले चाळून घेतात, देवाला नारळ ठेवतात आणि परततात. खाचरे मात्र पडीक राहिली आहेत. माझ्या घराच्या ओटीवरून पूर्वी लावणीच्या दिवसांत जिकडे तिकडे वाकलेली माणसे दिसत. आज तेथे रान माजलेले दिसते. परिस्थितीच तशी आली, त्यास कोणी काय करावे, असे आपण म्हणतो. मजुरी परवडत नाही, तरुण माणसे गावात नाहीत, डुकरे व माकडे काही ठेवीत नाहीत, ही सर्व कारणे खरी आहेत. परंतु जमीन पडीक पडते तेव्हा केवळ भात जात नाही. त्या जमिनीचे पाणी कोठून येते, कोठे तुंबते, कोणत्या कुणग्यात कोणते बी धरते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांचे ज्ञानही पडीक पडते. जमीन एखाद्या वर्षी पुन्हा नांगरता येईल. गेलेल्या माणसाला काही विचारता येणार नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घरी भाजावळीची पद्धत होती. डोंगरावरील झाडांची कवळ तोडावयाची, ती वाळवून पालापाचोळ्यासह दाढीवर पसरावयाची आणि पावसापूर्वी भाजून काढावयाची. राब भाजणे ते हेच. त्यामुळे तण मरते, राखेचे खत मिळते व तरवा जोमदार येतो, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. परंतु एका दाढीसाठी किती झाडे ओरबाडली जातात, हेही मी पाहिले आहे. कवळतोडीने बोडकी झालेली झाडे उन्हाळ्यात डोंगरावर हात वर करून उभी असल्यासारखी दिसत. शेत पोसावे तर डोंगर उघडा पडतो, आणि डोंगर उघडा पडला की त्याची माती पावसात वाहून शेताखालच्या पऱ्ह्यात जाते. शेत, डोंगर व पऱ्ह्या ही तीन निराळी प्रकरणे नसून एकच संसार आहे, हे शाळेच्या पुस्तकात मी पुष्कळ पुढे वाचले. आमच्या वाडीत ते डोळ्यांसमोरच होते.

आमच्या माळ्यावर एक लोखंडी कोळपे पडलेले असे. पुढे फिरते दाते आणि मागे लांब दांडा. ते काय आहे असे विचारता वडील म्हणत, “ते जपानी. आमच्या तरुणपणी सरकारातून आलं होतं.” १९५३ साली भारतात जपानी पद्धतीच्या भातलागवडीची मोठी मोहीम निघाली. निवडक बी, गादीवाफ्यावरील रोपे, एका चुडात थोडीच रोपे, दोरी धरून ओळीत लावणी, कोळपणी आणि भरपूर खत, असे तिचे स्वरूप होते. माझ्या वडिलांनी दोन वर्षे तशी लावणी केली, पुढे सोडून दिली. का सोडली हे मी त्यांना कधी विचारले नाही, आणि त्यांनी ते कोठे लिहून ठेवले नाही. कोळपे तेवढे माळ्यावर राहिले. ही गोष्ट मनात ठेवून आपण माझ्याबरोबर थोडे दूर, हिंदी महासागरापलीकडे चलावे.

आफ्रिका खंडाच्या पूर्वेस मादागास्कर नावाचे मोठे बेट आहे. तेथील लोकांच्या पूर्वजांपैकी पुष्कळसे शेकडो वर्षांपूर्वी आग्नेय आशियाच्या बेटांतून समुद्र ओलांडून आले. त्यांची भाषा आजही बोर्निओकडील एका भाषेला जवळची आहे, आणि भात हे त्यांचे मुख्य अन्न आहे. १९६० साली हा देश फ्रेंचांच्या अंमलातून स्वतंत्र झाला. त्यानंतर १९६१ साली तेथे आंरी द लोलानिए नावाचे एक फ्रेंच जेझुइट पाद्री आले. त्यांचा जन्म १९२० सालचा, आणि धर्मसंघात जाण्यापूर्वी त्यांनी पॅरिस येथे शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले होते. १९९५ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ३४ वर्षे, त्यांनी त्याच देशात काढली.

येथील गरीब शेतकऱ्याला खत, नवे बी आणि यंत्रे विकत घेता येत नाहीत. तेव्हा त्याच्यापाशी जे आहे त्यातूनच अधिक भात कसे पिकेल, हा प्रश्न लोलानिए यांनी स्वतःपुढे ठेवला. त्याचे उत्तर त्यांनी प्रथम ग्रंथांत शोधले नाही. ते बांधाबांधाने हिंडले. एके ठिकाणी काही शेतकरी मुठीने रोपे न लावता एकेक रोप लावताना त्यांना आढळले. दुसरीकडे काही शेतकरी खाचरात सतत पाणी न तुंबविता मधून मधून जमीन कोरडी होऊ देत. चारचौघांहून निराळे वागणाऱ्या या माणसांना त्यांनी वेडे ठरविले नाही. ते असे का करतात, हे त्यांनी पाहिले, विचारले आणि टिपून ठेवले. शिक्षकाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचताना मनातून लाज वाटली. कारण मी वर्गात सांगत आलो ते पुस्तकातले, आणि विद्यार्थ्याच्या घरी त्याचा आजा काय करतो हे मी क्वचितच विचारले.

१९८१ साली लोलानिए यांनी अंत्सिराबे या गावी तरुण शेतकऱ्यांसाठी एक लहानशी शाळा काढली. १९८३ च्या हंगामात पावसाने ओढ दिली. एरवी महिनाभराची झाल्यावर लावावयाची ती रोपे नाइलाजाने पंधराव्या दिवशीच लावावी लागली. तीही एकेक, चौकोनी अंतरावर. महिनाभर शेत इतके विरळ आणि दरिद्री दिसे की आता हे पीक बुडाले असे सर्वांना वाटले. त्यानंतर मात्र एकेका रोपाला फुटव्यांवर फुटवे येऊ लागले, आणि अखेर जे पीक उभे राहिले ते कोणी अपेक्षिले नव्हते. पुढच्या वर्षांत त्यांनी याहूनही कोवळी रोपे लावून पाहिली, तेव्हा फुटवे आणखी वाढले.

याच अनुभवातून जी पद्धत तयार झाली ती आपल्याकडे ‘श्री’ पद्धत या नावाने ओळखली जाते. तिची सूत्रे साधी आहेत. आठ ते बारा दिवसांचे, दोन पानांचे रोप मुळाला धक्का न लावता उचलावे. एका ठिकाणी एकच रोप लावावे. दोन्ही बाजूंनी सुमारे २५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. शेत ओले ठेवावे, पण सतत बुडवून ठेवू नये. फिरत्या दात्यांचे कोळपे दोन-तीन वेळा उभेआडवे चालवावे, म्हणजे तण मातीत जाते आणि मुळांना हवा मिळते. आणि शक्य तेवढे शेणखत, कंपोस्ट द्यावे. हेक्टरी बियाणे ५-६ किलो पुरते. पाणी कमी लागते. शिवाय सतत तुंबलेल्या खाचरातून मिथेन नावाचा जो वायू निघतो आणि पृथ्वीचे तापमान वाढविण्यास हातभार लावतो, तोही कमी होतो.

आता खरी मौज पुढे आहे. हे फुटवे इतके का येतात, हे लोलानिए यांना कित्येक वर्षे कळले नव्हते. त्याचे उत्तर त्यांना दिदिए मोरो यांच्या १९८७ सालच्या एका फ्रेंच पुस्तकातून मिळाले. त्यात काटायामा या जपानी शास्त्रज्ञाच्या संशोधनाची माहिती होती. भात, गहू व जव यांचे फुटवे कोणत्या क्रमाने व किती दिवसांच्या अंतराने येतात याचा अभ्यास काटायामांनी फार पूर्वी केला होता, आणि त्यांचा ग्रंथ १९५१ साली जपानी भाषेत प्रसिद्ध झाला होता. रोप लहान असताना लावले तर फुटव्यांचा क्रम मोडत नाही. ते जून झाल्यावर उपटले तर पुढची सारी पिढी खुंटते. म्हणजे उत्तर आधीच लिहिलेले होते, परंतु ज्याला प्रश्न पडला होता त्याच्यापर्यंत पोहोचावयास त्याला पस्तीसेक वर्षे लागली.

बंधुभगिनींनो, वर्षे पाहावीत. काटायामांचा ग्रंथ १९५१ चा आणि आपल्याकडील जपानी लागवडीची मोहीम १९५३ ची. आमच्या वाडीत जपानचे कोळपे आले, ओळीची दोरी आली. जपानच्याच त्या अभ्यासाचा मात्र आम्हांस पत्ता नव्हता. वस्तू समुद्र ओलांडते तितक्या सहज ज्ञान ओलांडत नाही. त्यासाठी कोणीतरी मुद्दाम वाट बांधावी लागते.

ती वाट कशी बांधली गेली ते आता पाहू. १९९० साली लोलानिए यांनी आपल्या मालागासी सहकाऱ्यांसह ‘तेफी साइना’ नावाची संस्था स्थापिली. या नावाचा अर्थ मनाची मशागत असा होतो. नावात भात नाही, उत्पन्न नाही. मन आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९९४ पासून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची एक संस्था तेथील रानोमाफाना या राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास काम करू लागली. त्या बाजूचे शेतकरी डोंगरावरील जंगल तोडून, जाळून, त्या राखेत भात पेरीत. तेथे या पद्धतीला ‘ताव्ही’ म्हणतात. जंगल वाचवावयाचे तर खालच्या सखल खाचरांतून पोटापुरते भात निघाले पाहिजे, एरवी भुकेलेल्या माणसाला जंगल तोडू नको म्हणून सांगण्यात अर्थ नाही. त्या खाचरांतून हेक्टरी २ टनांच्या आसपास भात निघे. तेफी साइनाच्या माणसांनी शिकविलेल्या पद्धतीने तेथील शेतकऱ्यांनी काढलेली सरासरी ८ टनांपर्यंत गेल्याचे नोंदले गेले. हे वाचताना मला आमची भाजावळ आठवली. ताव्हीत जंगलच जळते आणि आपल्या राबात झाडाच्या फांद्या जळतात. प्रमाण निराळे असले तरी जात एकच.

कॉर्नेलचे प्राध्यापक नॉर्मन अपहॉफ हे मूळचे शेतीशास्त्रज्ञ नव्हेत. ते राज्यशास्त्राचे अभ्यासक, आणि श्रीलंकेतील गल ओया पाटबंधारे योजनेत शेतकऱ्यांच्या संघटनांचे काम त्यांनी पाहिले होते. प्रथम त्यांचाही या आकड्यांवर विश्वास बसला नाही. तीन हंगाम पाहिल्यावर मात्र त्यांनी ही माहिती इतर देशांस कळविण्याचे व्रतच घेतले. १९९९ साली चीनमध्ये नानजिंग येथे व इंडोनेशियात तिचे प्रयोग झाले. २००२ च्या एप्रिलमध्ये चीनमधील सान्या येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तीस १५ देशांचे प्रतिनिधी आले, आणि संकरित भाताचे जनक युआन लाँगपिंग यांच्या संस्थेने तिचे यजमानपद घेतले. आपल्या देशात तामिळनाडूत २००० पासून व आंध्रात २००३ पासून प्रयोग सुरू झाले. पुढे २००६ मध्ये हैदराबाद, २००७ मध्ये आगरतळा व २००८ मध्ये कोइंबतूर येथे राष्ट्रीय परिसंवाद झाले. आता पन्नासांहून अधिक देशांत या पद्धतीचा प्रयोग झालेला आहे. तिचे कोणी पेटंट घेतलेले नाही, आणि तिच्यापायी कोणास काही विकत घ्यावयाचे नाही.

कंबोडियातील उदाहरण मला विशेष आवडते. तेथे यांग साइंग कोमा या गृहस्थांच्या संस्थेने २००० साली काम सुरू केले तेव्हा करून पाहण्यास फक्त २८ शेतकरी तयार झाले. त्या २८ जणांचे शेत शेजाऱ्यांनी पाहिले, शेजाऱ्यांचे त्यांच्या व्याह्यांनी पाहिले, आणि पुढील काही वर्षांत संख्या एक लाखाच्या वर गेली. कोमा यांना २०१२ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. २८ हा आकडा ध्यानात ठेवावा. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीहून तो फारसा मोठा नाही.

इतके ऐकून कोणी म्हणेल, गुरुजी, सारे गोडच सांगता; यात कडू काहीच नाही काय? आहे, आणि ते सांगणे माझे कर्तव्य आहे. २००४ साली काही नामांकित भातशास्त्रज्ञांनी या पद्धतीच्या विलक्षण उत्पन्नाच्या आकड्यांवर कडक टीका केली. मोजणीत चूक असावी, सूर्यप्रकाशाच्या हिशेबाने इतके पीक येणेच शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तो वाद कित्येक वर्षे चालला. दुसरी गोष्ट याहून बोचणारी आहे. २००३ साली मोझर व बॅरेट या अभ्यासकांनी दाखवून दिले की खुद्द मादागास्करमध्येच पुष्कळ शेतकऱ्यांनी ही पद्धत एकदोन वर्षे करून सोडून दिली. कारण असे की या पद्धतीत लावणी व कोळपणीच्या वेळी मेहनत अधिक पडते. नेमक्या त्याच दिवसांत गरिबाच्या घरातले भात संपलेले असते, आणि संध्याकाळची चूल पेटावी म्हणून त्याला दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जावे लागते. चार महिन्यांनी येणाऱ्या दुप्पट पिकासाठी आज उपाशी राहणे त्याला परवडत नाही.

हे मी प्रथम वाचले तेव्हा मला एकदम वडिलांचे ते माळ्यावरचे कोळपे आठवले. त्यांनीही कदाचित अशाच कारणाने ते ठेवून दिले असेल. मग मला असेही वाटले की ज्यांनी ही टीका केली आणि हा सोडून देण्याचा हिशेब मांडला, तेही या ज्ञानाच्या जाळ्यातले विणकरच होत. जाळे नुसत्या होकाराच्या धाग्यांनी विणले तर पहिल्याच ओढीला तुटते.

आता माझा दोष सांगतो.

२००८ साली मी नोकरीत होतो. शेतीच्या एका मासिकात श्री पद्धतीवर लेख वाचला आणि मला त्याचे वेडच लागले. वर्गात मुलांना सांगितले, ग्रामसभेत सांगितले, देवळात कीर्तनाला जमलेल्या मंडळींनाही सांगितले. त्या पावसाळ्यात आमच्या खालच्या मळ्यात, पऱ्ह्याच्या काठच्या पाणथळ खाचरात, दहा दिवसांची रोपे एकेक करून लावली. शेतात पाणी काढून देण्यास चर हवा, असे लेखात लिहिलेले होते. तो मी खणला नाही. एवढ्याने काय होते, असे मनाशी म्हटले. लावणीनंतर आठवड्याच्या आत तीन दिवस संततधार लागली. कोकणातला जुलै आपणांस ठाऊक आहे. चार बोटांची ती रोपे पाण्याखाली गेली आणि चौथ्या दिवशी पाणी ओसरले तेव्हा खाचरात चिखलावाचून काही नव्हते.

मला लाज वाटली. इतके दिवस लोकांना उपदेश केलेला. शेजारच्या एका शेतकऱ्याने बांधावरून विचारले, “गुरुजी, काय झालं हो?” मी म्हणालो, “बियाणं खराब निघालं.” एवढेच. चर खणला नव्हता हे मी सांगितले नाही. पाणथळ जागी इतकी कोवळी रोपे लावू नयेत हे मला आता समजले आहे, हेही सांगितले नाही. शाळेतल्या फलकावर मात्र श्री पद्धतीचे माझ्याच हाताने काढलेले चित्र तसेच राहिले.

पुढच्या वर्षी त्या शेजाऱ्याने चांगले बियाणे विकत आणून, माझ्याच खाचराशेजारी, माझ्यासारखीच कोवळी रोपे लावली. मी ओटीवरून पाहत होतो. आता सांगावे तर माझे खोटे उघडे पडते, न सांगावे तर त्याचे शेत जाते. यंदा पाऊस कमी पडेल, अशी मनाची समजूत घालून मी गप्प राहिलो. पावसाने माझी अब्रू राखली नाही आणि त्याचे शेतही राखले नाही. त्यांच्या घरी त्या वर्षी विकतचा तांदूळ आणावा लागला. दिवाळीनंतर एकदा धीर करून मी त्यांना खरे सांगितले. ते रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, “गुरुजी, एवढं आधी सांगितलं असतंत तर वरच्या कुणग्यात लावलं असतं.”

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्यात म्हण आहे. मी ती मुलांना कितीदा तरी समजावून दिली असेल. पण पुढचा जर ठेच लागल्याचे लपवून ठेवू लागला तर मागचा शहाणा व्हावयाचा कसा? तोही त्याच दगडावर आपटतो. देशोदेशीच्या शेतकऱ्यांना एकमेकांपासून शिकता यावे यासाठी परिषदा हव्यात, पुस्तके हवीत, विद्यापीठे हवीत. पण या साऱ्याच्या मुळाशी एक लहानशी गोष्ट आहे: आपले कोठे चुकले हे शेजाऱ्याला बांधावर सांगण्याची तयारी. ती मादागास्करात असली पाहिजे तशीच माझ्या वाडीतही असली पाहिजे. माझ्या वाडीतच ती नसेल, तर पन्नास देशांचे जाळे माझ्या बांधापाशी येऊन तुटते.

मध्य अमेरिकेत ग्वातेमाला नावाचा देश आहे. तेथील काक्चिकेल जमातीच्या शेतकऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात डोंगर-उतारावरची माती धरून ठेवण्याचे व खत घालण्याचे काही उपाय आपापल्या शेतात करून पाहिले आणि ते दुसऱ्या शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दाखविले. तेथून ही चळवळ मेक्सिकोत व पुढे निकाराग्वात गेली. ‘शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे’ असे तिचे नाव आहे. सोव्हिएत संघ १९९१ साली मोडल्यावर क्यूबाला बाहेरून मिळणारे तेल व खते आटली. तेथील लहान शेतकऱ्यांच्या संघटनेने १९९७ साली हीच रीत स्वीकारली, आणि दहा-बारा वर्षांत एक लाखाहून अधिक कुटुंबे तीत आली. या चळवळीचा एक दंडक असा की नवी गोष्ट प्रथम लहानशा तुकड्यावर करून पाहावी. जमली तर वाढवावी, न जमली तर नुकसान थोडके होते आणि शिकणे पुरते होते. हा दंडक मी २००८ साली पाळला असता तर आज येथे कबुलीजबाब देण्याची वेळ आली नसती.

त्या मध्य अमेरिकेचे आपल्या बांधाशी जुने नाते आहे, हे कित्येकांस ठाऊक नसेल. आपण कुंपणाला लावतो तो गिरिपुष्प, ज्याला काहीजण उंदीरमारी म्हणतात, तो मूळचा तिकडचा. तेथे कोकोच्या झाडांना सावली देण्यासाठी तो लावीत आणि कोकोची आई म्हणत. त्याचा पाला खाचरात तुडविला की भाताला नत्र मिळते. डॉ. नारायण सावंत हे आपल्याकडील मृदाशास्त्रज्ञ अमेरिकेतील अलाबामा राज्यात, आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात संशोधन करीत होते. त्यांनी जी चारसूत्री भातलागवड कोकणात रुजविली, तिच्यात या गिरिपुष्पाच्या पाल्याला स्थान आहे. पहिले सूत्र भाताचा तूस व पेंढा यांचा पुन्हा वापर. तुसाची राख वाफ्यात मिसळली म्हणजे रोपे बळकट होतात आणि राबासाठी कवळ तोडण्याचे कारण उरत नाही. दुसरे सूत्र गिरिपुष्पाचा पाला. तिसरे, २५ व १५ सेंटिमीटरची अंतरे आलटूनपालटून ठेवून चुडाला दोन-तीन रोपांची नियंत्रित लावणी. आणि चौथे, चार चुडांच्या मधोमध खताची एक गोळी खोल खोचणे. ही श्री पद्धत नव्हे. खताची गोळी विकत घ्यावी लागते आणि रोपेही इतकी कोवळी नसतात. परंतु आपल्या पावसाला ती मानवते. एका देशातले झाड, दुसऱ्या देशातील प्रयोगशाळा आणि आपल्या खाचरातला चिखल, अशी तिघांची त्यात गाठ पडलेली आहे. २०१० नंतर मी वरच्या कुणग्यात ही लागवड करीत आलो. उत्पन्न काही फार मोठे नाही, पण घरचे तांदूळ पुरतात, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या डोंगरावरची कवळ मी तोडलेली नाही. तेथील ऐनाची झाडे आता पुन्हा डेरेदार झाली आहेत.

आता मंडळापुढे एक सूचना ठेवून भाषण पुरे करतो. तीस मोठा निधी नको, इमारत नको. ज्यांची गावी जमीन आहे अशा प्रत्येक कुटुंबाने एक वही घालावी. घरात सत्तरीपुढचे जे कोणी असेल, आजी, आत्या, काकू, त्यांना विचारून आपल्या प्रत्येक कुणग्याचे नाव, त्यात पाणी कोठून येते, कोणते बी पूर्वी पेरीत आणि ते का सोडले, एवढे लिहून काढावे. मी वडिलांना विचारले नाही. आपण तरी विचारा. ज्यांना शक्य असेल त्यांनी पडीक जमिनीतील दोन गुंठ्यांचा तुकडा करावा किंवा गावातल्या एखाद्या होतकरूला करावयास द्यावा. काय लावले, कधी लावले, किती आले, आणि काय चुकले, हे दसऱ्यानंतर मंडळाकडे लिहून पाठवावे. आपल्या स्मरणिकेत परीक्षा पास झालेल्या मुलांची छायाचित्रे आपण दरवर्षी अभिमानाने छापतो. त्यांच्याच पाठीमागे चार पाने अशा नोंदींना द्यावीत, आणि त्यांत नापास झालेल्या शेतांना पहिले स्थान द्यावे.

एक शेवटचे मागणे आहे. ही वही ज्ञातीच्या कुलुपात ठेवू नका. माझे शेत वाहून गेले ते पाणी माझ्या बांधावर थांबून पुढच्याची जात विचारावयास राहिले नाही. ज्याचे नुकसान माझ्या गप्प राहण्याने झाले तो शेजारी आपल्या ज्ञातीचा नव्हे. आणि ज्यांनी मला शिकविले ते मालागासी शेतकरी, ते फ्रेंच पाद्री, ते जपानी शास्त्रज्ञ, त्यांची-माझी गाठ या जन्मी पडली नाही. मंडळाने आपल्या घरापासून सुरुवात करावी, हे योग्यच आहे; परंतु नोंदी गावच्या वाचनालयात व शाळेत सर्वांसाठी ठेवाव्यात.

माझ्या ओटीवर त्या जपानी कोळप्याला मी यंदा तेल घातले आहे. दाते झिजले आहेत, पण फिरतात. येत्या पावसाळ्यात ज्यांना ते चालवून पाहावेसे वाटेल त्यांनी जरूर यावे. जे जमले ते दाखवीन, आणि जे चुकले तेही सांगेन.